शर्यतीच्या माळावरच्या प्रयाग सिस्टर

प्रयाग सिस्टर पहिल्यांदा आमच्यावर ओरडल्या तेव्हा त्या कोण, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

जळकोटच्या पुढे रस्त्याला लागून एक मुरमाड माळ आहे. लातूरची आणि नांदेडची मिळून आम्ही चाळीसेक हौशी मंडळी तिथं मोटारसायकलच्या शर्यती भरवायचो. दोन्हीकडच्यांना तो माळ मध्ये पडायचा. कुणी मास्तर, कुणी तहसीलातला कारकून, कुणी मेडिकलवाला. रविवार आला की सगळे हेल्मेट घालून धुळीत. मी लातूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. गाडी मी बेतासबात चालवतो, पण अर्ज चांगले लिहितो, म्हणून मला क्लबाचा सचिव केलं होतं. परवानग्या, टँकर, मंडप, जेवण, सगळं माझ्याकडे.

मार्च संपत आला होता. एक रायडर फेऱ्या संपवून मंडपामागं गेला आणि भडाभडा ओकला. आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, "रात्रीची उतरली न्हाई वाटतं अजून." तेवढ्यात शेजारच्या शेतातून बांध ओलांडून एक बाई तरातरा आल्या. साठीच्या पुढच्या, काटक, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. साडीच्या खांद्याला सेफ्टी पिनेनं एक उलटं घड्याळ टाचलेलं.

"ह्याला उलटी झाली, अन तुमी हसून राहिले?"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी त्याच्या जॅकेटची चेन खाली ओढली, बूट काढले, त्याला ओढत सावलीत नेला आणि पायाखाली दोन हेल्मेटं सरकवली. टॉवेल ओला करून मानेवर आणि काखेत ठेवला. मग मनगट धरून घड्याळाकडं बघत बसल्या. अर्ध्या तासानं तो उठून बसला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायला आणि ओशाळून हसला.

"ही उन्हाची पयली पायरी हाय," त्या मला म्हणाल्या. सचिव मीच, हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. "हितून मानूस माघारी येतो. दुसऱ्या पायरीवरून यीलच असं न्हाई."

त्या निवृत्त नर्स होत्या. तीस-बत्तीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत काढलेल्या. नवरा लवकर गेला, मुलगी नांदेडला सासरी. माळाशेजारचं शेत भावाचं, तिथंच दोन खोल्यांत राहायच्या. पुढच्या शर्यतीच्या आधी मी मुद्दाम जाऊन त्यांना बोलावलं. त्यांनी चहा दिला आणि अटी सांगितल्या. माळावर त्यांचा शब्द चालणार. त्या 'न्हाई' म्हणाल्या की तो माणूस गाडीवर बसणार नाही. मी हो म्हणालो. तेव्हा हो म्हणायला सोपं होतं.

मग दोन वर्षं त्या प्रत्येक शर्यतीला आल्या. पहाटे आमच्या आधी माळावर हजर. एक बादली, टॉवेलांची चळत, कात्री, ओआरएसची पाकिटं आणि एक शंभर पानी वही. रायडर फेरी मारून आला की त्याला पहिली हाक त्यांची. "टोपडं काढ!" हेल्मेटला त्या टोपडंच म्हणायच्या. चेन उघड, हातमोजे काढ, सावलीत ये. मग तीन प्रश्न: नाव, गाव, आज वार कोणता. पोरं वैतागायची. एकानं मुद्दाम मंगळवार सांगितलं, तर त्याला त्यांनी दोन तास बसवून ठेवलं. तो कळवळून सांगत होता की गंमत केली. सिस्टर म्हणाल्या, "मला गंमत अन बरळणं ह्यात फरक कळत न्हाई बाबा. तूच जपून बोल."

आणि त्यांचा चौथा प्रश्न तर सगळ्यांसमोर असायचा. "लघवी कवा केलास? रंग कसा हुता?" तहसीलातले एक रावसाहेब ह्या प्रश्नावर लालबुंद व्हायचे. सिस्टर वही उघडून पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहायच्या. "लाजू नका. पिवळीजर्द का पान्यासारकी, येवढंच सांगा." शेवटी रावसाहेब त्यांना लांबूनच ओरडून सांगायला लागले, "सिस्टर, पाण्यासारखी!" आणि सगळा माळ हसायचा.

प्रत्येकाला त्यांनी एक जोडीदार नेमला होता. त्रास होतोय का, हे त्या रायडरला कधीच विचारायच्या नाहीत. जोडीदाराला विचारायच्या. "हा रोजच्यासारका बोलून राहिला का? चिडचिड करतोय का? पाय कुटं टाकतोय?" मी एकदा म्हणालो, ज्याला होतंय त्यालाच विचारा की. त्या म्हणाल्या, "सर, ऊन आधी डोकं पळवतंय. मग मानूस पडतो. डोकं गेलेला मानूस एकच वाक्य बोलतो, मी ठीक हाय."

आमच्या वळणावर झेंडा घेऊन उभे राहायचे ते देवणीचे शंकरअप्पा. निवृत्त पोस्टमन, शर्यतीचा नाद, पण गाडी चालवत नसत. दुसऱ्या शर्यतीला सिस्टर तडक त्यांच्याकडं गेल्या. मी मागोमाग.

"किती वेळ झाला हितं?"

"सकाळधरनं हाव की," अप्पा अभिमानानं म्हणाले. "म्या न्हाई हलत जागचा."

"पाणी?"

"पाणी पिलं की जावं लागतंय. अन गेलो की वळण मोकळं पडतंय."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "गाडीवाल्याला वारा तरी लागतो. फेऱ्या झाल्या की सावलीत येतो. ह्या मानसाला तुमी खांबासारकं रोवून ठिवलंय." त्या दिवसापासून झेंडेवाले दर अर्ध्या तासाला बदलायला लागले, आणि प्रत्येक वळणावर काठ्या रोवून कापडाची सावली आली. अप्पा आधी रुसले. मग सिस्टरसाठी देवणीहून डब्यातून तूप आणायला लागले.

त्या एवढ्या का तुटून पडतात, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. शर्यत संपली होती, मंडपवाले खांब उपटत होते. मी सहज म्हणालो, "सिस्टर, पहिल्या दिवशी आम्ही हसलो ते तुम्ही अजून विसरला नाहीत."

त्या टॉवेल पिळत होत्या. पिळता पिळता थांबल्या.

"म्या बी हसले हुते," त्या म्हणाल्या. "नवी नवी नोकरी. मे महिना. रस्त्याच्या कामावरच्या एका गड्याला ट्रॅक्टरवर घालून आणला. काईबाई बरळत हुता, झोकांड्या खात हुता. डॉक्टर दौऱ्यावर गेल्याले. म्या म्हन्लं, पिऊन आलाय. सगळेच म्हन्ले. बाकड्यावर झोपीवला. लिंबूपाणी दिऊन बगितलं, त्यानं ते माज्याच अंगावर उडवलं. आमी लई हसलो." त्यांनी टॉवेल पुन्हा पिळला, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी. "दोन तासानं हात लावला तर भाकरीच्या तव्यासारका. तवा कुटं डोस्क्यात उजेड पडला. त्याची बायको दारात बसल्याली हुती. तिला कुनी सांगावं म्हून सगळे माज्याकडं बघत राहिले."

मग त्यांनी बादली उचलली आणि बांधाकडं चालायला लागल्या.

आता बालाजीचं सांगतो.

बालाजी नायगावचा. सव्वीस वर्षांचा, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. आमच्यातला सगळ्यात चांगला रायडर. त्याचा मोठा भाऊ माधव प्रत्येक शर्यतीला त्याच्याबरोबर यायचा, गाडीची साखळी ताणायचा, टायरची हवा बघायचा. वडील नसल्यामुळे माधवनंच त्याला वाढवलेलं.

सिस्टर यायला लागून दोन वर्षं झाली, त्या वर्षीची मोठी शर्यत आम्ही जानेवारीत ठरवली होती. परवानगी लांबत गेली, पाहुण्यांची तारीख मिळेना, आणि होता होता एप्रिलचा शेवटचा रविवार उजाडला. सिस्टर तयारच नव्हत्या. मी दोनदा घरी गेलो. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं: सहाला सुरू, दहाला शेवटची गाडी बंद. खाली माझी सही घेतली.

सहाला सुरू झालंही. साडेनऊपर्यंत फक्त अंतिम फेरी उरली होती. पण ढाली ज्यांनी दिल्या ते पाहुणे यायचे होते. ते पुढारी होते, आणि अंतिम फेरी त्यांच्यासमोरच व्हायची, असा आमच्या अध्यक्षांचा शब्द गेला होता. दहा वाजले. "निघाले," असा फोन आला. साडेदहा. "अहमदपुरात आहेत." अकराला रुग्णवाहिकावाला म्हणाला, माझी वेळ संपली, दुसरीकडं बोलावणं आहे, आणि निघून गेला. साडेअकराला गाड्यांचा ताफा आला. मग सत्कार. मग भाषण. आठ रायडर जॅकेट, पॅड, बूट, हेल्मेट घालून सुरुवातीच्या रेषेवर गाड्यांवर बसलेले. फोटोसाठी त्यांना तसंच बसायला सांगितलं होतं. इंजिनं गरम, मुरूम गरम, वारा पडलेला. भाषण चाळीस मिनिटं चाललं.

सिस्टर मंचाजवळ माझ्याकडं आल्या. त्यांचा आवाज अगदी खालचा होता.

"सर, बंद करा."

"सिस्टर, एकच फेरी. दहा मिनिटांचं काम."

"तुमी भूगोल शिकवता ना? मग बाराचं ऊन काय आस्तं ते म्या सांगू तुमाला?"

"पाहुणे आलेत. आता कसं सांगू?"

"तोंडानं सांगा."

मी अध्यक्षांकडं बघितलं. त्यांचं लातुरात स्पेअर पार्टचं मोठं दुकान, क्लब त्यांच्या जिवावर चालायचा. त्यांनी नुसती मान हलवली: उरका. भाषण संपलं. पाहुणे झेंडा घेऊन रेषेकडं चालले. आणि सिस्टर त्यांच्याआधी जाऊन आठ गाड्यांसमोर उभ्या राहिल्या. दोन्ही हात आडवे. लोक हसायला लागले. लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "आजीबाईंना पण शर्यतीत भाग घ्यायचाय वाटतं."

मी गेलो. त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना बाजूला घेतलं.

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. झटापट केली नाही. नुसत्या चालत आल्या. तो कोपर मला अजून हाताला जाणवतो. वाळलेला, हलका.

तिसऱ्या फेरीत बालाजी सगळ्यांच्या पुढं होता. शंकरअप्पांच्या वळणावर तो वळलाच नाही. वेग फार नव्हता. सरळ गेला, वळणावर रचलेल्या गोण्यांना धडकला, पडला आणि उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं गाडी उचलली नाही. तो शर्यतीच्या वाटेवरून उलट्या दिशेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडं चालायला लागला. अप्पांनी झेंडा टाकून त्याला मिठी मारली. बालाजीनं अप्पांना ढकललं. मी धावत पोचलो तेव्हा तो स्वच्छ आवाजात म्हणाला, "मी ठीक हाय." मग आणखी एकदा म्हणाला. मग गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला.

सिस्टर माझ्या मागोमाग पोचल्या होत्या. कात्रीनं त्यांनी जॅकेट गळ्यापासून खालपर्यंत उभं चिरलं. छातीला हात लावला आणि लगेच काढला.

"पाणी! टँकर इकडं घ्या!"

टँकर आणला. नळी सोडली. बालाजीच्या अंगावर पडलेलं पाणी माझ्या हातावर उडालं आणि मी हात मागं घेतला. टँकर सकाळपासून उन्हात उभा होता. पाणी चहासारखं निघत होतं.

सिस्टर एक क्षण त्या पाण्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. ती भीती होती.

माधव गर्दी फोडून आला. "उचला! गाडीत घाला! उदगीरला चला!" पाहुण्यांच्या ताफ्यातली एक गाडी पुढं आली, दार उघडलं. चार जणांनी बालाजीला उचललंसुद्धा.

"खाली ठिवा!" सिस्टर किंचाळल्या. "गाडीत शिजंल तो! आधी थंड करा, मग न्या!"

"बाई, माझा भाऊ मरायलाय!"

"मरायलाय म्हूनच म्हणते! उदगीर लांब हाय, माधव. येवढा वेळ त्याच्यापाशी न्हाई."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "सर, मंचामागं पाहुण्यांसाठी गार जार हायत. बर्फाची लादी हाय. सगळं आणा. अन ते फाडा."

त्यांनी बोट दाखवलं तिकडं मंचावरचा फ्लेक्स होता. पाहुण्यांचा हसरा चेहरा, हात जोडलेले, खाली आमच्या सगळ्यांचे फोटो. मी घुटमळलो. हेही खरं सांगायला हवं की मी घुटमळलो. शंकरअप्पा घुटमळले नाहीत. सत्तरीचा माणूस मंचावर चढला आणि फ्लेक्स दोन्ही हातांनी ओरबाडून खाली ओढला. पाहुण्यांचे कार्यकर्ते अंगावर आले. "ए म्हाताऱ्या, कुणाचा फोटो हाय कळतंय का?" अप्पांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

मंडपाच्या सावलीत फ्लेक्स पसरला. त्यावर बालाजीला ठेवला. सहा जणांनी कडा धरून वर उचलल्या, झोळीसारख्या. त्यात जार ओतले, एकामागून एक. बर्फ दगडानं फोडून टाकला. सिस्टर गुडघ्यावर बसून त्याचं डोकं पाण्याच्या वर धरून होत्या आणि दुसऱ्या हातानं पाणी ढवळत होत्या. "हलवा, पाणी हलवत राहा, थांबू नका! वारा घाला!" लोक पुठ्ठे, गाड्यांच्या नंबरच्या पाट्या, जे हाताला येईल ते घेऊन वारा घालत होते. एकानं लिंबूसरबताचा ग्लास आणला. सिस्टरांनी तो हातानं उडवला. "शुद्धीत न्हाई तो! श्वासात जाईल!"

मग बालाजीला झटका आला. सगळं अंग ताठ झालं, दात आवळले, पाणी उसळलं. झोळी धरलेल्यांपैकी एकानं कड सोडली आणि तोंड फिरवून रडायला लागला. माधवनं सिस्टरांचा खांदा धरून त्यांना मागं ओढलं. "सोडा त्याला! तुमीच मारून राहिल्या त्याला!"

त्यांनी डोकं सोडलं नाही. माधव ओढत होता आणि त्या बालाजीच्या कानाशी वाकून बोलत होत्या. "बालाजी. ए बालाजी. नाव सांग रे. गाव सांग." पुन्हा तेच. आवाज फुटला होता. "नायगाव म्हण. नुसतं नायगाव म्हण."

हे किती वेळ चाललं मला विचारू नका. अप्पा म्हणतात वीस मिनिटं. मला तो अख्खा उन्हाळा वाटला. जार संपले. बर्फ संपला. शेवटी सिस्टरांनी त्याच्या छातीवर, मानेवर, पोटावर हात ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "आता न्या. काचा उघड्या ठिवा. ओले टॉवेल घालत राहा." बालाजीनं डोळे उघडले नव्हते. पण ओठ हलत होते.

गाडी गेली. पाहुणे त्याआधीच उरलेल्या गाड्यांतून गेले होते. सिस्टर त्या ओल्या फ्लेक्सवर तशाच बसून राहिल्या. साडी छातीपर्यंत भिजलेली. मी जवळ गेलो. त्या उठून रिकामे जार गोळा करायला लागल्या.

बालाजीला उदगीरहून लातूरला हलवलं. किडन्या बंद पडल्या होत्या, यकृतावर सूज होती. आणि त्याच संध्याकाळी मोबाईलवर तो व्हिडिओ फिरायला लागला: फ्लेक्सवर पुढाऱ्याचा चेहरा, त्यावर उघडा बालाजी, आणि एक म्हातारी त्याला दवाखान्यात नेऊ देत नाही. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी इथं लिहीत नाही. माधवनं पोलिसांत अर्ज दिला की बाईंनी भावाला अर्धा तास अडवून धरलं.

चौकीनं क्लबाकडं लेखी निवेदन मागितलं. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही लिहा. नीट लिहा. क्लबावर काही येऊ नये." मी लिहिलं. 'उपस्थित स्वयंसेविकेने स्वतःच्या निर्णयाने रुग्णास जागेवरच थांबवून ठेवले.' वेळ लिहिली नाही. भाषण लिहिलं नाही. त्या गाड्यांसमोर उभ्या राहिल्या हे लिहिलं नाही, आणि त्यांना तिथून कुणी बाजूला काढलं हेही नाही.

चौथ्या दिवशी त्या कॉलेजात आल्या. एसटीनं, भर दुपारी. मी तास संपवून बाहेर आलो तर व्हरांड्यात उभ्या. चौकीत त्यांना माझ्या निवेदनाची प्रत दिली होती. ती त्यांनी माझ्यासमोर धरली.

"सर, ह्यात एक बी शब्द खोटा न्हाई," त्या म्हणाल्या. "पर खरं बी काईच न्हाई."

मी म्हणालो, "सिस्टर, तुम्हाला काही होऊ देणार नाही मी."

"माजं काय व्हायचं ऱ्हायलंय? माज्यासाठी न्हाई म्हणत. बाराला शर्यत लावली हे लिव्हा. म्या नको म्हन्ले हे लिव्हा. टँकर उन्हात हुता, रुग्णवाहिका न्हवती, पोरं चाळीस मिनिटं जाकीट घालून बसल्याली, समदं लिव्हा. न्हाईतर पुढच्या साली दुसरा कुनी सचिव आसंच करील, अन त्याला वाटंल, बाईनं अडवलं म्हून पोरगं गेलं."

मुलं जाता येता बघत होती. मी "बघतो" म्हणालो. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पायऱ्या उतरून गेल्या. त्यांना पाणीसुद्धा विचारायचं मला सुचलं नाही.

नंतर मी दवाखान्यात गेलो. तो अकरावा दिवस होता. बालाजीला डायलिसिसला नेलं होतं, माधव बाहेर जमिनीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. डॉक्टर आमच्याजवळ थांबले. तरुण होते, घाईत होते. त्यांनी सहज विचारलं, "जागेवर त्याला गार कुणी केलं?"

माधव मान वर न करता म्हणाला, "एक बाई हाय. तिच्यामुळंच उशीर झाला."

"उशीर?" डॉक्टर म्हणाले. "गार न करता आणला असता तर तुम्ही मला मुडदा दाखवला असता. अजून त्याची खात्री देत नाही मी. पण लढायला काही उरलंय ते त्या बाईंमुळं."

डॉक्टर गेले. माधवनं भिंतीवर डोकं आपटलं, एकदाच, आणि मला म्हणाला, "सर, तुमाला हे माहीत हुतं का?"

मला हो म्हणावं लागलं. मला माहीत होतं. मी दोन वर्षं त्यांचं ऐकत आलो होतो.

त्याच संध्याकाळी मी दुसरं निवेदन लिहिलं. चार पानं झाली. त्यात कोपरही लिहिला. अध्यक्षांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते अजून बोलत नाहीत. माधवनं अर्ज मागं घेतला आणि जळकोटला गेला. तो सांगतो की तो पाया पडायला वाकला तर सिस्टरांनी त्याला हाताला धरून उभं केलं आणि पहिलं विचारलं, "लघवी व्हायलीय का त्याला?"

माझ्या चार पानांचं पुढं काही झालं नाही. फायलीत गेली. क्लब त्या उन्हाळ्यातच मोडला. बालाजी जगला. पण चालताना तोल जातो, बोलणं संथ झालंय, ऊन अजिबात सोसत नाही. शोरूममध्ये आत, पंख्याखाली, काउंटरवर बसतो. गाडीवर पुन्हा बसला नाही. लोक सिस्टरांना म्हणायचे, तुम्ही पोराला वाचवलं. त्या चिडायच्या. "अर्धाच वाचवला," म्हणायच्या. आम्ही समजूत घालायला गेलो की हिशेब सांगितल्यासारखं सांगायच्या: टँकरच्या कडक पाण्यात किती मिनिटं गेली, माझ्या घुटमळण्यात किती, माधवच्या ओढाताणीत किती. "टँकर झाडाखाली उबा करायला म्या सकाळीच सांगाया पायजे हुतं. कामून न्हाई सांगितलं?" शेवटपर्यंत त्यांनी ते स्वतःला माफ केलं नाही. मी त्यांना रेषेवरून बाजूला घेतलं त्याबद्दल मात्र त्या मला एका शब्दानंही कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. हृदयविकार. मला तेरावा होऊन गेल्यावर कळलं. अप्पांचा फोन आला होता.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याआधीच्या मे महिन्यात, नांदेडला. मी पेपर तपासणीच्या कामाला जात होतो. बस वातानुकूलित, काचा पक्क्या बंद. दुपारचा एक वाजला होता. एका चौकात वरातीमुळं बस अडली. बँडवाले लाल मखमलीचे जाड कोट घालून, गळ्यापर्यंत सोनेरी बटणं लावून वाजवत होते. एक ढोलवाला रांगेतून बाजूला काढलेला, बंद दुकानाच्या ओट्यावर सावलीत बसवलेला. पन्नाशीचा असेल. सिस्टर त्याच्यासमोर वाकून त्याची बटणं काढत होत्या. मुलीकडं आल्या असाव्यात, हातात भाजीची पिशवी होती ती तिथंच आडवी पडून टोमॅटो रस्त्यावर गेलेले. वरातीतला एक माणूस त्यांच्यावर ओरडत होता, हातवारे करत होता. त्याचा आवाज मला येत नव्हता. सिस्टर मान वर न करता ढोलवाल्याशी काहीतरी बोलत होत्या, आणि त्याच्या ओठांकडं बघत उत्तराची वाट पाहत होत्या.

मी काचेवर हात मारला. दोनदा, तीनदा. शेजारच्या माणसानं माझ्याकडं बघितलं. दाराकडं जायला मी उठलो आणि तेवढ्यात वाट मोकळी होऊन बस सुटली. मागच्या काचेतून शेवटचं दिसलं ते असं: सिस्टरांनी त्याचा कोट काढून बाजूला टाकला होता, आणि तो माणूस त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता, आणि त्या उरलेल्या बँडवाल्यांना हात करून करून हाका मारत होत्या. कुणी थांबत नव्हतं. वरात वाजत पुढं चालली होती.